ओली पोती आणि तुझं नाव

दादा, तुझ्या पुण्यानुमोदनाला मी काळेवाडीच्या विहारात होते, पण तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायला उठले नाही. लोकांना वाटलं, एकुलती बहीण, कोसळली असेल बिचारी. मावशीनं पाठीवरून हात फिरवला. मी कोसळले वगैरे नव्हते. मला राग आला होता, आणि पुढ्यात तुझा हार घातलेला फोटो होता. फोटोशी भांडता येत नाही, म्हणून गप्प बसले. आता लिहिते, कारण त्यानंतर जे घडलं ते तुला सांगणारं दुसरं कुणी नाही.

राग कशाचा, ते आधी सांगते. तुझ्या कंपनीचे मोठे साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "उन्हात तापणाऱ्या सौर काचा थंड ठेवायची युक्ती अशोकरावांनी शोधली, आणि तीही जादा वीज अजिबात न वापरता. येत्या उन्हाळ्यात आम्ही ती आणखी गावांत नेणार आहोत, आणि तिला त्यांचंच नाव देणार आहोत." वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. तुझ्या दोन्ही मुली एकमेकींकडे बघून ताठ बसल्या. आणि मी मनात म्हटलं, हा गेला, पण याचं खोटं काही गेलं नाही.

तू माझ्यासाठी काय केलंस ते मी विसरलेले नाही. मॅट्रिकनंतर आबा माझं लग्न ठरवायला निघाले होते, तेव्हा तू जेवण सोडून बसलास. "शकू नर्स होणार" एवढंच म्हणत राहिलास. आबा औषधांच्या कारखान्यातून शिफ्ट करून यायचे आणि तुझं न खाल्लेलं ताट बघून चिडायचे. शेवटी ते हरले. माझी ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधून, मला नळीवर बसवून, तू पिंपरीहून पुण्यापर्यंत सायकल मारलीस. होस्टेलच्या दारात तुझा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. हे सगळं खरं. पण पुढे प्रत्येक भांडणात तू ती सायकल मध्ये आणायला लागलास, आणि मग मी तिचं नाव काढणं सोडून दिलं.

माझी बदली चाकणच्या पलीकडच्या वाडीत झाली तेव्हा तू म्हणालास, "तिथे काय आहे? दगड." दगडच होते. एक पत्र्याचं उपकेंद्र, एक मी, आणि मदतीला सोनाबाई. पन्नाशीची, काटक, तोंडाची फटकळ. विजेचे खांब आले होते, वीज मात्र पाहुण्यासारखी यायची. लसीच्या बाटल्या मी बर्फ घातलेल्या डब्यातून एसटीनं आणायची, आणि वाडीचा चढ चढेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असायचं. पोलिओचे डोस द्यायला बसले की मनात पाल चुकचुकायची, यात जीव उरलाय की मी लेकरांना नुसतं पाणी पाजतेय?

हे मी तुला एका रविवारी सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि दिवाळीनंतर कंपनीची जीप घेऊन दारात हजर झालास. जीपमध्ये चार काचा, बॅटऱ्या आणि बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज. कंपनीला प्रयोग करायचा होता आणि तू माझ्या केंद्राचं नाव पुढे केलं होतंस. दोन दिवस तू पत्र्यावर चढून होतास. तिसऱ्या सकाळी फ्रिज उघडला तर आत बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. सोनाबाईनं त्याला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. "आगं बया! उन्हातनं गारवा काढला व्हय दादांनी?" तू लहान पोरासारखा हसलास. त्या हिवाळ्यात मी तुझ्यावर जेवढी खूश होते तेवढी आयुष्यात कधी नव्हते. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

चैत्र लागला आणि दुपारी फ्रिज बंद पडू लागला. मला वाटलं काही तुटलं. तू आलास, मीटर लावलास आणि कपाळाला आठ्या घातल्यास. ऊन जेवढं कडक, तेवढी काच तापते, आणि काच तापली की तिचं व्होल्टेज उतरतं, बॅटरी भरतच नाही, असं तू मला समजावलंस. काचा पत्र्याला अगदी चिकटवून बसवल्या होत्या. खाली तापलेला पत्रा, वर सूर्य. मी विचारलं, "मग उचल ना त्या वर. खालून वारा खेळू दे."

"इथला वळीव बघितलास का तू? वारा खाली शिरला की काच पतंगासारखी जाईल."

"मग पंखा लाव."

"पंख्याला वीज कुठली? फ्रिजच्या तोंडचीच ना? शकू, जादा वीज न वापरता थंड करायचंय. गंमत तीच आहे."

तुला ती गंमत वाटत होती. पुढच्या खेपेला तू गोणपाटाची पोती घेऊन आलास. काचा चार बोटं उचलल्यास, त्यांच्या पाठीला पोती बांधलीस, आणि वर पत्र्यावर एक पिंप चढवून त्यातून सुताच्या वाती पोत्यात सोडल्यास. पाणी वातीतून झिरपायचं, पोतं ओलं राहायचं, वाऱ्यानं सुकताना काचेची धग ओढून घ्यायचं. माठ गार होतो तसंच. डोकं चांगलंच चालवलं होतंस. त्या दुपारी फ्रिज चालू राहिला आणि तू मीटरवरचा काटा मला पुन्हा पुन्हा दाखवलास.

"बघ. जादा वीज शून्य."

सोनाबाई खाली उभी राहून वर बघत होती. "दादा, त्या पिंपात पानी कोन भरनार?"

तू हसून म्हणालास, "अहो, दोन-चार हंडे. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं. दादा, तू तीन दिवस राहिलास आणि एकदाही विहिरीकडे गेला नाहीस. विहीर ओढ्याच्या पोटात आहे. उतरताना पाय घसरतात आणि चढताना छाती भरून येते. उन्हाळ्यात तळाला गेलेलं पाणी वाटीनं खरवडावं लागतं. बायका एका हंड्यासाठी नंबर लावून बसतात. त्या नंबरात सोनाबाई रोज तुझ्या काचांसाठी उभी राहू लागली. बायका तिला बोलायच्या, "आमची पोरं तहानली आन् तू पत्र्याला पानी पाजतीस व्हय गं?" ती उलटून म्हणायची, "तुमच्याच पोरांची औषधं हायेत ती." मग हंडा डोक्यावर घेऊन चढ चढायची, आणि शेवटी शिडी. डोळ्यांत आग उतरावी अशा उन्हात, हंडा खांद्यावर घेऊन, एका हातानं शिडी धरून. मी जमेल तेव्हा चढायची, पण माझं निम्मं आयुष्य वाड्यावस्त्यांवर फिरण्यात जायचं. उरलेलं सगळं तिच्यावर.

मी चाकणहून तुला फोन केला. "दादा, हे बायकांना झेपणारं नाही."

"वीज वाचतेय ना?"

"वीज वाचतेय, माणूस संपतोय."

"शकू, प्रत्येक गोष्टीचं भाषण करू नकोस. दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

वैशाखात सोनाबाई शिडीवरून पडली. शिडी मी स्वतः दोरीनं बांधलेली होती, ती जागची हलली नाही. हलली ती सोनाबाई. तिला चक्कर आली. हंडा आधी पडला, मग ती. कंबरेच्या सांध्याचं हाड मोडलं. बैलगाडीतून तिला सडकेला नेलं, तिथून ट्रकमधून पिंपरीच्या दवाखान्यात. सगळी वाट तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओरडली नाही. मध्येच एकदा डोळे उघडून म्हणाली, "बाई, पोतं सुकलं आसंल."

तू दवाखान्यात आलास. एकदाच. कॉटच्या पायथ्याशी उभा राहिलास, हातात सफरचंदांची पिशवी. तिच्याकडे न बघता मला विचारलंस, "शिडी नीट बांधली नव्हती का?"

दादा, माणूस गेल्यावर त्याचं वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. ते वाक्य बोललास तेव्हा तू माझ्या मनातून उतरलास, तो आजतागायत. पुढचं सगळं मी उतरलेल्या माणसाशी भांडले.

काचा मी पत्र्यावरून खाली आणल्या. काळेवाडीतले आपले शेजारी सलीमभाई, वेल्डिंगवाले, त्यांना बोलावलं. ते लोखंडी अँगल एसटीच्या टपावर टाकून आले. केंद्रामागच्या टेकाडावर, जिथे दिवसभर वारा वाहतो, तिथे त्यांनी पुरुषभर उंच सांगाडा उभा केला आणि काचा त्यावर चढवल्या. पोती नाहीत, पिंप नाही, पाणी नाही. नुसता वारा, वरून आणि खालून. फ्रिज दुपारभर चालला. ओल्या पोत्यांइतक्या थंड काचा राहिल्या नाहीत, हे खरं, पण बॅटरी भरत होती आणि बाटल्या गार होत्या. सलीमभाई घाम पुसत म्हणाले, "बेटी, अशोकला सांगून केलंस ना हे?" मी म्हटलं, "सांगेन."

सांगायच्या आधीच तू आलास. वर चढून मीटर लावलास. काटा बघितलास. चांगला होता, तू नाही म्हणू शकला नाहीस. पण म्हणालास काय?

"कंपनीच्या मालाला मला न विचारता हात लावलास."

"सोनाबाईला तू विचारलं होतंस?"

"तू नर्स आहेस. बाटल्या सांभाळ. वाऱ्याचं मला कळतं."

आठवड्याच्या आत वळीव आला. त्या उंचीवर वाऱ्यानं सांगाडा गदागदा हलवला आणि एक काच निखळून दगडावर फुटली. तू माणसं घेऊन आलास, उरलेल्या तीन काचा उतरवल्यास आणि पुन्हा पत्र्यावर नेऊन बसवल्यास. तुझी मान काय ताठ होती. वाऱ्याबद्दल तू बरोबर होतास, एवढं मी लिहून देते. त्यापुढे एक अक्षरही नाही. कारण पाऊस सुरू झाला, गारवा आला, पोत्यांची गरज उरली नाही, आणि तू कंपनीत जाऊन सांगितलंस की पोत्यांची युक्ती यशस्वी झाली. फोटो दाखवलेस. फोटोत ओली पोती होती, काचा होत्या, तू होतास. तुला शाबासकी मिळाली. वहिनीनं पेढे वाटले. माझ्याकडेही पाठवले. मी ते सोनाबाईच्या नातवंडांना दिले.

त्यानंतर आपण बोललो नाही. मावशीच्या घरी एकदा समोरासमोर आलो. तू म्हणालास, "कशी आहेस?" मी म्हटलं, "सोनाबाई काठी घेऊन चालते." तू चहाचा कप खाली ठेवून निघून गेलास. तुला काही म्हणायचं होतं का, मला माहीत नाही. तोंड उघडलं होतंस खरं. आता ते कळायचा मार्ग नाही आणि मी माझ्या मनानं तुझ्या तोंडात शब्द घालणार नाही. तुला बोलायला सबंध हिवाळा होता.

फाल्गुनात कंपनीची जीप केंद्राच्या दारात थांबली. मला वाटलं, तूच आलास. मी मुद्दाम पाठ फिरवून आत गेले आणि सिरिंजा उकळत बसले. म्हटलं, येऊ दे आत, हाक मारू दे आधी. हाक आली ती परक्या आवाजात. "नर्सबाई, अशोकसाहेब..." कँटीनमध्ये जेवता जेवता तू टेबलावर डोकं ठेवलंस आणि पुन्हा उचललं नाहीस. जीपमध्ये बसून येताना मला रडू येईना. चाकणचा फाटा आला, भोसरी आली, आणि मी सारखी एकच गोष्ट मनात घोळवत होते, की हा माणूस उत्तर न देता निघून कसा जाऊ शकतो.

पुण्यानुमोदनानंतर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "शकूताई, त्या पद्धतीला ह्यांचं नाव देणार आहेत. कंपनीचा माणूस तुमच्याकडे फोटो काढायला येईल. मी पण येणार. तुम्ही चांगलं सांगाल ना?"

मी म्हटलं, "जे झालं ते सांगेन."

तिचा चेहरा बदलला. "माणूस गेला, तरी तुमचं भांडण संपत नाही?"

"ज्या गावांत ही पोती जातील तिथल्या बायकांचं काय, वहिनी?"

"माझ्या मुलींना बापाचं नाव तेवढंच उरलंय," ती म्हणाली.  दादा, तू आमच्यावर काय आणलंस ते बघ. अवघ्या बत्तीस वर्षांची तुझी बायको आणि मी, दोघी पांढऱ्या लुगड्यांत शेजारी बसून एकमेकींचा द्वेष करत होतो.

चैत्रात ते आले. कंपनीचा नवा इंजिनिअर, गळ्यात कॅमेरा, आणि वहिनी. तो सभ्य होता. "फोटोपुरती पोती लावू, वरचं पिंप भरलं की झालं," म्हणाला. सोनाबाई ओट्यावर काठी आडवी ठेवून बसली होती. आता तिच्या जागी तिची सून काम करते. ती निमूटपणे हंडा उचलायला गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी पुढे झाली.

"द्या इकडे. ह्यांचं काम आहे, मी भरते."

मी तिला अडवलं नाही. सोनाबाईनंही नाही. सुनेबरोबर वहिनी विहिरीकडे गेली. आम्ही वाट बघत बसलो. इंजिनिअरनं कॅमेऱ्याची काच दोनदा पुसली. किती वेळानं दोघी चढावर दिसल्या. वहिनी मध्येच थांबत होती. शहरातली चप्पल तिनं हातात घेतली होती आणि हंडा डोक्यावर धरता येईना म्हणून कमरेवर घेतला होता. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं होतं. ती शिडीपाशी आली, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, वर बघितलं. पत्रा असा तळपत होता की डोळे मिटावे लागत होते. ती दुसऱ्या पायरीवर चढली. तिथेच थांबली. मग उतरली.

सोनाबाईकडे वळून तिनं विचारलं, "रोज?"

"व्हय."

"दिवसातून किती वेळा?"

"पोतं सुकंल तवा तवा, ताई. ऊन काय थांबतंय व्हय कुनासाठी?"

"आणि ह्यांना हे माहीत होतं?"

सोनाबाईनं माझ्याकडे बघितलं. तिला उत्तर द्यायचं नव्हतं. दादा, जिचं हाड मोडलं ती बाई तुला वाचवू बघत होती. मी नाही वाचवलं. म्हटलं, "मी सांगितलं होतं, वहिनी. फोनवर सांगितलं होतं. दवाखान्यातही."

वहिनीनं हंडा शिडीखाली ठेवला. मग इंजिनिअरला म्हणाली, "साहेबांना सांगा, ह्याला त्यांचं नाव लावू नका."

"अहो पण वहिनी, सगळं ठरलंय..."

"बायको सांगतेय म्हणावं."

फोटो निघालाच नाही. इंजिनिअरनं पोती जीपमध्ये मागे टाकली. मी त्याला टेकाडावर नेऊन सलीमभाईंच्या सांगाड्याचे उरलेले पाय दाखवले, काच कशी फुटली तेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात सलीमभाईंनाच घेऊन तो परत आला. या वेळी सांगाडा कमरेएवढाच उंच, चारी बाजूंनी तारा ताणून मोठ्या दगडांना बांधलेला, आणि शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवती काटेरी कुंपण. उंची कमी ठेवायची हे मीच सांगितलं. परवाच्या वळवाच्या वाऱ्यात तो टिकून उभा राहिला. इतर गावांतही तसेच सांगाडे बसवायचं ठरलं आहे. त्यांना कुणाचं नाव नाही.

मला वाटलं होतं, तुझं नाव निघालं की मला बरं वाटेल. नाही वाटलं. रागही गेला नाही. तू असतास तर वहिनीसमोर तुला उभं करून विचारलं असतं, बघ, एका हंड्यात तुझी बायको दमली, आणि तू म्हणायचास, त्यात काय एवढं. तुझं तोंड कसं झालं असतं ते मला बघायचं होतं. ते तू मला बघू दिलं नाहीस, आणि त्याबद्दल मी तुला माफ करत नाही.

फोटो राहिला त्या दुपारी वहिनी निघायच्या आधी शिडीखाली ठेवलेल्या हंड्याशी गेली. त्यात निम्मंच पाणी उरलं होतं. कुणाला न विचारता तिनं ते आत नेऊन केंद्रातल्या रांजणात ओतलं, वर झाकण ठेवलं आणि ओला पदर पिळला. बाहेर लसीला आलेल्या बाया लेकरं घेऊन सावलीला बसल्या होत्या. त्यातली एक आत आली, रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं, आधी लेकराला पाजलं आणि मग स्वतः प्यायली.